पायातली नाडी

माझ्याकडे आलेल्या माणसाला मी आधी चपला काढायला सांगते, मग मोजे, आणि त्यानंतर नाव विचारते. मुलुंडमधला माझा दवाखाना धमन्यांच्या आणि शिरांच्या आजारांचा आहे. तोंडाकडे बघून मला जेवढं कळतं, त्याच्या दसपट पायाकडे बघून कळतं. पोटरीची कातडी चकचकीत झालीय का, नखं जाड झालीत का, बोटांवरचे केस गेलेत का, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का. हे बघायला मशीन लागत नाही. भरपूर उजेड लागतो आणि थोडी लाज सोडावी लागते. लाज पेशंटने सोडायची असते, मी माझी केव्हाच सोडली आहे.

दवाखान्यात माझं स्टूल बुटकं आहे आणि पेशंटची खुर्ची उंच. त्यामुळे पेशंटचा पाय सरळ माझ्या मांडीवर येतो. हे फर्निचर बनवलं तेव्हा सुताराने मला दोनदा विचारलं होतं, मॅडम, मापं उलटी तर नाही ना लिहिली? उलटी नव्हती. पण आपल्या लोकांना डॉक्टरच्या मांडीवर पाय ठेवणं जमत नाही. चुकून पाय लागला तरी हात छातीला लावणारी माणसं आपण. एका आजोबांनी तर मी प्रत्येक वेळी पायाला हात लावला की वाकून मला नमस्कार केला. ते वाकले की पाय हलायचा, पाय हलला की नाडी निसटायची. शेवटी मी म्हटलं, आजोबा, सगळे नमस्कार शेवटी एकदम करा, आत्ता बसा गप्प. ते बसले. मला ऐकवून घेणारे पेशंट आवडतात आणि पेशंटनाही, का कोण जाणे, ओरडणारी डॉक्टर आवडते.

आजार समजावून सांगायची माझी पद्धत बिल्डिंगच्या पाण्याची आहे, कारण मुंबईत पाण्याची लाईन सगळ्यांना कळते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं, ती धमनी. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी. ती आतून गंजली, तिच्यात खडा बसला, की नळ कोरडा. खालच्या पाण्याला परत वर चढवायचं तर पंप लागतो. पायातलं रक्त परत वर नेणाऱ्या शिरा असतात, आणि पोटरीचा स्नायू हा त्यांचा पंप. माणूस चालला की पंप चालतो. माणूस नुसता उभा राहिला की पंप बंद आणि पाणी खाली तुंबतं, शिरा फुगतात, घोट्याशी जखम होते. तुंबलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधायची आणि तो उशीवर उंच ठेवायचा. कोरड्या पायाला मात्र पट्टी बांधायची नाही, कधीच नाही. जे थोडंफार पाणी येतंय तेही आवळून बंद होईल.

हे मी शिकाऊ डॉक्टरांना इतक्या वेळा सांगितलंय की त्यातले दोघंतिघं माझी नक्कल करतात, हातवाऱ्यांसकट. आणखी एक गोष्ट मी सांगायचे. बोटांनी नाडी लागत असेल तर मशीनला हात लावायचा नाही. खिशात मावेल एवढं डॉपलरचं यंत्र असतं, पायावर टेकवलं की रक्ताचा आवाज ऐकवतं. नवीन पोरं पेशंट आत यायच्या आधी ते काढून बसतात. मला राग यायचा. आधी बोटं, मग यंत्र, आणि बोटांनी सांगितलं तर यंत्र ड्रॉवरमध्ये. माझी बोटं चांगली आहेत हे मला माहीत होतं, इतरांनाही माहीत होतं, आणि मला हे माहीत असल्याचं इतरांना जरा जास्तच माहीत होतं.

त्या दिवसांत एक मावशी आल्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, नऊवारीची सवय मोडून गाऊनवर ओढणी घेतलेल्या. मालवणाकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरातून डबे द्यायला सुरुवात केली आणि आता नाहूर स्टेशनजवळ त्यांचं स्वतःचं केंद्र होतं. पाटीवर पोळी-भाजी लिहिलेलं, तोंडात मात्र चपातीच. सकाळी सहापासून तव्यापुढे उभं राहायचं ते दुपारी दोनपर्यंत, मग पुन्हा संध्याकाळी. हे तीसएक वर्षं. बरोबर सून होती, तीही त्याच ओट्यावर लाटायला असायची. सासू बोलेल ते ती मला समजावून सांगायची, जसं काही मला मालवणी येत नाही. माझं बालपण दहिसरच्या चाळीत गेलं, बाप गिरणीतला आणि आई देवगडकडची. पण ते मी सांगितलं नाही. डॉक्टरने पहिल्या भेटीत गाव सांगितलं की पेशंट आजार सोडून गावच्या गोष्टी काढतो.

मावशींच्या डाव्या पायावर शिरांचं जाळं गुडघ्यापासून खाली फुगून आलेलं होतं, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, रुपयाएवढी जखम. भोवतालची कातडी तपकिरी. पाय सुजलेला. शिरांच्या झडपा खराब झाल्याचा सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी बाहेरून करून आणलेला होता. विद्यार्थ्याला परीक्षेत द्यावी इतकी सोपी केस.

मी पाय मांडीवर ओढला तशा त्या आक्रसल्या.

"बाय, पायाक हात नको गो लावू. पाप लागात माका."

मी म्हटलं, पाप मला लागू दे, तुम्ही पाय द्या. त्यांनी दिला, पण अर्धाच. बोटं आत वळवून, टाच उचलून, परत घ्यायच्या तयारीत. मी एका हाताने टाच धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताची बोटं पावलाच्या पाठीवर रोवली. सुजेमुळे नाडी खोल होती. मी जोरात दाबलं. लागली. टक, टक, टक. व्यवस्थित. मी पाय सोडला आणि त्यांनी तो गाऊनखाली असा ओढून घेतला की मला हसू आलं.

मग नेहमीचे प्रश्न. चालताना पोटरीत दुखतं का, थांबावं लागतं का? नाही. साखर? थोडी, गोळी चालू. तंबाखू? नाय गो बाय. मी कागदावर तीन खुणा केल्या. डॉपलर ड्रॉवरमध्येच राहिला. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून ताडून बघायचा असतो, पाच मिनिटांचं काम, तेही मी त्या दिवशी केलं नाही. बाहेर सात माणसं बसली होती आणि नाडी तर लागली होती.

निघताना मावशींनी एकच विचारलं. "पाय कापूक लागाचो नाय मां?" त्यांच्या थोरल्या भावाचा गावी पाय कापला होता, गुडघ्याखाली. त्यानंतर तो दोन वर्षं पडवीत बसून होता आणि मग गेला. मावशींना मरणाची भीती नव्हती, तसं त्या म्हणाल्याही. भीती होती ती बसून राहायची. मी मोठ्याने हसले. म्हटलं, मावशी, शिरांच्या जखमेला कोणी पाय कापत नाही, दोन महिन्यांत तव्यापुढे नाचाल. मग पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली, माझ्या हाताने, छान एकसारखी, आणि पाय दोन उशांवर ठेवायला सांगितला.

तीन दिवसांनी सुनेचा फोन आला. पट्टी फार दुखतेय म्हणतात, काढू का? मी म्हटलं, पहिले काही दिवस दुखतं, काढायची नाही. तिला आणखी काही सांगायचं होतं.

"डॉक्टर, आई पाय वर ठेवतच नाहीत हो. खाटेवरून उठून खुर्चीत बसतात, पाय खाली सोडून. तसाच बरा वाटता म्हणतात."

"बरं वाटतं म्हणून काय वाट्टेल ते करायचं का?" मी म्हटलं. "तुम्ही काय करताय तिथे? उचलून ठेवा पाय."

फोन ठेवल्यावर मी नर्सला म्हटलंही, ही कोकणातली माणसं मरतील पण ऐकणार नाहीत. माझ्याच माणसांबद्दल बोलत होते, त्यामुळे मला तेवढा हक्क वाटला.

रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तब्येत तपासणीचं शिबिर होतं. माझी आई माझ्याकडेच राहते. घरात डॉक्टर असली तरी तिला फुकटच्या तपासणीचं भारी आकर्षण, म्हणून तिला घेऊन खाली गेले. कॉलेजातली एक मुलगी फॉर्म भरत होती. वय, वजन, साखर, दाब. मग तिने विचारलं, आजी, तंबाखू खाता का?

आई ताठ झाली. "शी! आमच्यात तंबाखूला कोणी हात लावत नाही."

मुलीने 'नाही' वर खूण केली. मी आईच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काळपट तपकिरी, माझ्या आठवणीत ते कायम तसंच आहे. आई रोज सकाळी त्या बोटाने मशेरी लावते. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं आणि दातांना घासत बसायचं, अर्धा अर्धा तास. चाळीत मशेरी भाजायला घेतली की अख्खा मजला खोकायचा. आम्ही पोरं नाकाला फ्रॉक लावून जिन्यात पळायचो. पण तंबाखू म्हणजे पुरुष खातात ती, गायछाप, चुन्याबरोबर मळून. मशेरी म्हणजे दात घासायची. आईला वाटतं ती खोटं बोलली नाही आणि ती खरंच खोटं बोलली नव्हती.

मी हसले. त्या मुलीला सांगितलं, बाई, यांची मशेरी लिही, ती तंबाखूच आहे. आई रुसली. मुलगीही हसली. आणि मधेच माझं हसू थांबलं.

कारण मावशींची बोटं मला आठवली. गाऊनचा घोळ वर धरलेला उजवा हात आणि पहिल्या बोटाचं काळं टोक. मी ते बघितलं होतं. बघून मनात म्हटलं होतं, तव्यावर काम करणाऱ्या बाईची बोटं काळी असणारच. पण तव्यावर काम करणाऱ्या बाईची सगळी बोटं काळी होतील, एकच कसं होईल? आणि मग एकामागून एक सगळं गडगडत आलं. चालताना पोटरी दुखत नाही, कारण त्या चालतच नाहीत. गाळ्याच्या मागेच खोली, ओट्यापासून खाट बारा पावलांवर, भाजी दारात येते, हे सुनेनेच बोलता बोलता सांगितलं होतं. तीस वर्षं उभी राहिलेली बाई, चालते कधी? आणि पाय खाली सोडला की बरं वाटतं. शिरांच्या दुखण्यात पाय वर केला की बरं वाटतं. खाली सोडल्यावर बरं वाटतं ते धमनी बंद झालेल्या पायाला, कारण रक्त उताराने तरी थोडं खाली पोचतं. सुनेने मला निदान सांगितलं होतं, फोन करून, स्पष्ट शब्दांत. त्याच वाक्यावर मी तिला ओरडले होते.

मी तिथूनच सुनेला फोन लावला आणि पट्टी कापून काढायला सांगितली. मग आईला शिबिरातच सोडलं, दवाखाना उघडून डॉपलर आणि दाबाचं यंत्र पिशवीत टाकलं आणि रिक्षा पकडली. मुलुंडहून नाहूर म्हणजे काही लांब नाही, पण रविवारी सगळं मुलुंड मॉलकडे निघालेलं असतं. नाहूरच्या पुलाच्या अलीकडे रिक्षा जागची हलेना. मी उतरले आणि राहिलेलं अंतर जवळजवळ धावत गेले. माझ्या वयाला आणि वजनाला ते शोभत नव्हतं.

केंद्रावर गर्दी होती. सून गाळ्यातून बाहेर आली, हात पिठाचे, तोंड उतरलेलं. मागच्या खोलीत मावशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय खाली सोडून. पट्टी जमिनीवर पडलेली. करंगळीचं टोक निळं-काळं पडलं होतं आणि पाऊल कोकमाच्या सालासारखं लालसर जांभळं. मी जमिनीवर बसले, पाय मांडीवर घेतला. या वेळी त्यांनी ओढून घेतला नाही, दुखत होतं इतकं. मी बोटं ठेवली, त्याच जागी.

नाडी लागली. टक टक टक टक. जोरात.

एक क्षण मला वाटलं, बरं झालं, मी उगाच घाबरले. पण ती नाडी धावत होती. मावशी तर सकाळपासून खुर्चीत होत्या, धावत मी आले होते. मी डाव्या हाताने स्वतःच्या गळ्याची नाडी धरली. टक टक टक टक. मग मावशींचं मनगट धरलं. तिथे सावकाश चालू होतं, कुठलीही घाई नसलेलं. पायातली नाडी त्या मनगटाशी जुळत नव्हती. माझ्या गळ्याशी जुळत होती.

ती माझी नाडी होती. माझ्याच बोटांच्या टोकातली. खूप जोरात दाबलं की आपलंच रक्त बोटात ठोके देतं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. आठवड्यापूर्वी मी त्या पायात स्वतःची नाडी मोजली होती आणि खुशाल पट्टी आवळली होती.

डॉपलर टेकवला. धमनीचा आवाज कसा असतो, तर कोणीतरी दमदार फुंकर मारावी तसा, ठोक्याठोक्याला. इथे नुसती खरखर होती आणि तिच्या आत कुठेतरी दमलेली कुजबुज. घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याहून कमी. लाज वाटली, सरळ सांगते, आणि ती लाज डॉक्टरची नव्हती, घरच्या माणसाची होती. या बाईच्या घरात मशेरी असणार हे माझ्याइतकं मुलुंडमध्ये कोणाला माहीत होतं?

सांगावं की न सांगावं, हा प्रश्न मला पडला नाही, हे मी माझ्या बाजूने नमूद करते. माझ्यात दोष पुष्कळ आहेत, पण गुळमुळीत बोलणं त्यात नाही.

"मावशी, माझी चूक झाली," मी म्हटलं. "तुमच्या पायाची धमनी बंद आहे. पट्टी बांधायला नको होती. नाडी लागली म्हणाले ती तुमची नव्हती, माझी होती."

सून भिंतीला टेकली. बाहेर कोणीतरी चार चपात्या आणि उसळ मागत होतं. मावशींनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता पाय ऱ्हवतलो काय?"

"राहील. करंगळीचं सांगत नाही, पण पाय राहील." हे मी अंदाजाने म्हटलं नाही. बोटं गरम नसली तरी हलत होती, पावलाला स्पर्श कळत होता, वेळ होता. म्हटलं, उद्याच ती धमनी उघडायला हवी, मोठ्या हॉस्पिटलमध्ये, आणि माझ्याकडून नको वाटत असेल तर घाटकोपरला माझ्यापेक्षा चांगले एक सर्जन आहेत, मी स्वतः त्यांच्याशी बोलते.

त्यांनी विचार केला. पदर नव्हता, ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं.

"तूच कर. चूक खंय झाली ता तुका ठावक आसा. दुसऱ्याक सांगत कोण बसतलो?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांची अँजिओप्लास्टी केली. जांघेपुरती भूल, पेशंट पूर्ण जागा. उजव्या जांघेतून बारीक नळी घालून ती वरून वळवून डाव्या पायात उतरवायची. रंगाचं औषध सोडलं आणि पडद्यावर मांडीतली धमनी खाली येता येता मधेच संपली, रस्ता खोदून ठेवावा तशी. पुढे गुडघ्याजवळ पुन्हा सुरू. मधल्या भागाला वळसा घालून केसासारख्या बारीक आडवाटांनी खाली रक्त पुरवलेलं, तेवढ्यावर तो पाय आजवर तगला होता. माझ्या पट्टीने तेवढंच खाली पोचणारं रक्त अडवलं होतं.

मावशींना गप्प पडून राहणं माहीत नव्हतं. आत काय करतंस ता सांगत ऱ्हव, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी सांगत राहिले. आता तार घालतेय. तार अडकली. मागे घेतली. दुसरी घेतली, जरा कडक. पुन्हा अडकली. हॉस्पिटलच्या भुलीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. असल्या वेळी माझा स्वभाव कामाला येतो. मला हट्ट करता येतो आणि हात घाई करत नाहीत. तिसऱ्या तारेचं टोक मी मुद्दाम वळवून घातलं, ते वळणच पुढे ढकललं, आणि बऱ्याच वेळाने तार त्या बंद भागातून सरकत गुडघ्याजवळ मोकळ्या धमनीत उतरली. मग तिच्यावरून बलून नेला आणि फुगवायला घेतला.

"आता फुगा फुगवतेय," मी म्हटलं.

"फुगलो काय?"

"फुगला."

"टम्म?"

"टम्म, मावशी."

"मगे काढ तव्यावरून," त्या म्हणाल्या, आणि भुलीचे डॉक्टर मास्कमध्ये हसले. मी नाही हसले. मी पुन्हा रंग सोडला होता आणि पडद्यावर बघत होते. मांडीपासून घोट्यापर्यंत काळी रेघ अखंड उतरत गेली, पावलात पसरली.

ग्लव्ह्ज काढल्यावर मी खाटेच्या पायथ्याशी गेले. पाऊल कोमट होतं. उजव्या हाताची बोटं पावलावर ठेवली, अगदी हलकी, आणि डाव्या हातात त्यांचं मनगट घेतलं. दोन्हीकडे एकच ठोका होता, सावकाश, घाई नसलेला.

पुढचं सगळं सरळ नव्हतं. करंगळीचं टोक वाळलं आणि दीड महिन्याने गळून पडलं. मावशींनी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही, करंगळीचं काम तरी काय असतं म्हणाल्या. घोट्याची जखम भरायला पाच महिने लागले. त्या पायात दोन्ही आजार होते. टाकीची लाईन बंद होती आणि खालचं पाणीही तुंबत होतं. त्यामुळे रक्त यायला लागल्यावर मग हलकी पट्टी, मग शिरांसाठी लेझर. मशेरीवरून मात्र आमचं कडाक्याचं वाजलं. दात घासूची वस्तू ती, तिचो पायाशी काय संबंध, असं त्या तीन वेळा म्हणाल्या. चौथ्या वेळी मी सुनेला डबी आणायला सांगितली आणि ती कचऱ्यात टाकली. आता त्या राखुंडीने दात घासतात आणि मला शिव्या घालतात. माझ्या आईने अजून सोडलेली नाही. तिच्या पायाची नाडी मी दर महिन्याला बघते, आणि ती म्हणते, लेकीने आईच्या पायाला हात लावायचा तो नमस्काराला, हे काय भलतंच.

दवाखान्यात मी दोन गोष्टी बदलल्या. डॉपलर ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवला. आणि माझ्या कागदावर तंबाखूचा प्रश्न आहे तिथे आता लिहिलंय, सकाळी दात कशाने घासता? या एका प्रश्नाने मला ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतच्या कितीतरी मशेरीच्या डब्या सापडल्या. शिकाऊ पोरांना मी हा सगळा किस्सा सांगते, माझी चूक धरून. सांगताना आवाज खाली येत नाही. मी अजूनही म्हणते, आधी बोटं. फक्त दुसरा हात पेशंटच्या मनगटावर ठेवून.

मावशींना मी चालायचं औषध दिलं होतं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं, रोज. आधी त्या गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आणि सुनेला फोन करून न्यायला बोलवायच्या. मग पुलापर्यंत. एवढ्या वर्षांत आपलं नाहूर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. पुलाजवळच्या दुसऱ्या केंद्रात चपात्या किती पातळ लाटतात हे त्यांना बघायला मिळालं आणि त्यानंतर त्यांना चालायला कोणी सांगायची गरज उरली नाही.

गेल्या महिन्यात त्या तपासणीला आल्या तेव्हा घामाने डबडबल्या होत्या आणि एकट्याच होत्या. सून कुठे, विचारलं. ओट्यावर, म्हणाल्या. रिक्षाने आलात? नाही. नाहूरहून मुलुंडपर्यंत चालत, मधे दोनदा थांबून. मी काही बोलायच्या आत त्यांनी चप्पल काढली आणि डावा पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला. साडेचार बोटांचा तो पाय, घोट्याशी फिकट चट्टा. मागे घ्यायची कसलीही तयारी नव्हती, अख्खं वजन टाकलेलं.

मी बोटं ठेवली. डावा हात त्यांच्या मनगटाकडे नेला, तर त्यांनी तो आधीच पुढे केला होता. मी मोजू लागले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"माजीच आसा मां गो ती?"

"तुमचीच, मावशी," मी म्हटलं, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली.